माझ्या दंडावरचं पुण्य

दादर स्टेशनबाहेर मी पांढरी काठी घेऊन उभा राहिलो की आसपासच्या सज्जनांना स्फुरण चढतं. कोणीतरी मागून येतं, माझा दंड पकडतं आणि "चला काका" म्हणत मला रस्त्यापलीकडे नेऊन सोडतं. मी खरं तर बायकोची वाट बघत असतो. मग पलीकडून अलीकडे आणणारा दुसरा पुण्यवान गाठायचा. तोवर ती येऊन गेलेली असते. सांगितल्या जागी हा माणूस कधी सापडत नाही, असं तिचं ठाम मत आहे. मदत करायचीच तर आधी तोंडाने विचारावं आणि आपलं कोपर पुढे करावं, मी ते धरतो. पण एवढं बोलेपर्यंत सिग्नल सुटतो.

मी जन्मांध आहे हे कळलं की लोक आवाज चढवतात. डोळ्यांची तक्रार परस्पर कानांकडे कशी वर्ग होते, हे बँकेत इतकी वर्षं खुर्ची उबवूनही मला समजलेलं नाही. हॉटेलात वेटर बायकोला विचारतो, "साहेब काय घेणार?" ती म्हणते, "साहेबांनाच विचारा, बिल तेच देणार आहेत."

बिलाचंही एक तंत्र आहे. शंभराची नवी नोट १४२ मिलिमीटर लांब, दोनशेची १४६, पाचशेची १५०. माझी सगळी श्रीमंती चार-चार मिलिमीटरवर उभी! म्हणून पाकिटात पाचशेची नोट सरळ, दोनशेची एका घडीची, शंभराची दोन घड्यांची. रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये नोटा ओळखणारं 'मनी' नावाचं ॲप काढलं. सोय उत्तमच, पण भर बाजारात ते खणखणीत आवाजात "पाचशे" म्हणालं की भाजीवाला पावशेराचा अर्धा किलो करतो. घड्या निदान तोंड बंद ठेवतात.

तोंड न मिटणारा फोन तर चोवीस तास खिशात असतो. मामांचा सकाळचा मेसेज तुम्ही बोटाने सरकवून मोकळे होता. मला तो "गुलाब, गुलाब, गुलाब, जोडलेले हात, जोडलेले हात" असा साग्रसंगीत ऐकावा लागतो. सुविचार मात्र फोटोत असतो, त्यामुळे तो बहुधा वाचला जात नाही. प्रत्येक गोष्टीला चांगली बाजू असते.

मी भजी तळतो म्हटलं की पाहुणे हळहळतात. अहो, भजी कानाने तळायची! कढईत पडताना ती खळखळते, आतलं पाणी उडत गेलं की आवाज बारीक होतो आणि नुसती चुरचुर उरली की झारा घालायचा. आमच्याकडे दूध उतू जातं ते डोळस मंडळींच्या देखरेखीखाली.

आणि क्रिकेट! चेंडूत छर्रे खुळखुळतात, गोलंदाज "रेडी?" विचारतो, मी "येस" म्हणतो, मग "प्ले" म्हणत तो खालून चेंडू सोडतो. पूर्ण अंध फलंदाजाच्या धावा दुप्पट मोजतात. पगाराला हा नियम लावा, असं मी साहेबांना सुचवून पाहिलं. आपल्या अंध संघाने २०१२ साली बंगळुरूत पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या गल्लीत फटाके वाजवणारा मी एकटाच होतो.

रविवारी आमचा सामना असतो, जरूर या. फक्त चेंडू येत असताना "मार, मार" म्हणून ओरडू नका, आम्हाला तो ऐकायचा असतो. टाळ्या चौकार गेल्यावर.