पोच

“कालच्या एका दिवसात चाळीस हजार रीच!” पुतण्या म्हणाला.

काका पडवीत बसून पेटीत भाताचा पेंढा अंथरत होते. “रीच म्हणजे?”

“पोच. चाळीस हजार लोकांपर्यंत आपला आंबा पोचला.”

काकांनी मान वळवून माजघरातल्या आढीकडे पाहिलं. “सगळा जागेवर दिसतोय की.”

“आंबा नाही हो, रील.”

“आणि पेट्या किती गेल्या?”

“तीन.”

“त्यातली एक तुझ्या सासऱ्यांची.”

“दोन,” पुतण्याने हिशेब दुरुस्त केला.

काका देवगडचे बागायतदार. पुतण्या ठाण्यात नोकरी करतो आणि हंगामात लॅपटॉप घेऊन गावी येतो. कंपनीला वाटतं तो घरून काम करतोय. काकांना वाटतं तो काहीच करत नाही. प्रत्यक्षात त्याने आंब्याची सात खाती उघडली आहेत: फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप बिझनेस, यूट्यूब, एक्स, थ्रेड्स आणि लिंक्डइन. सातही ठिकाणी रोज काही ना काही टाकावं लागतं. हापूसचा हंगाम जेमतेम अडीच-तीन महिन्यांचा आणि ही खाती बारमाही, इथेच पहिली ठिणगी पडते.

“जुलैत काय दाखवणार?”

“बागेतला पाऊस.”

“आणि मोहोर आल्यावर?”

“मोहोर, आणि मग फवारणी.”

“फवारणी जरूर दाखव. ती दोन गिऱ्हाइकंही जातील.”

“लोकांना शेतातलं खरं आवडतं, काका. त्यांना तुमचा प्रवास बघायचा असतो.”

“माझा प्रवास देवगड ते वाशी. तो ट्रकने होतो, रात्री, आणि त्यात बघण्यासारखं काही नसतं.”

पुतण्याने विषय फेसबुककडे वळवला. तिथल्या पानाला अकराशे माणसं लागलेली आहेत; पण पोस्ट टाकली की ती त्यातल्या मूठभरांनाच दिसते. बाकीच्यांना दाखवायची तर बूस्ट करायची, म्हणजे पैसे भरायचे.

“माझ्याच गिऱ्हाइकांना माझाच आंबा दाखवायला मी पैसे मोजायचे?”

“सगळे मोजतात.”

“मग वाशीचा दलाल काय वाईट होता? तो जे काय कापतो ते माल विकल्यावर कापतो आणि वर हिशेबाची पट्टी पाठवतो. हा विकण्याआधीच कापतो. पट्टी कुठाय त्याची?”

“डॅशबोर्डवर दिसते. आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी,” पुतण्याने प्रामाणिकपणे सांगून टाकलं.

“आंब्यावर कुठे आहे जीएसटी?”

“ताज्या फळावर नाही. जाहिरातीवर आहे.”

“म्हणजे आंब्याला शून्य आणि आंब्याच्या फोटोला अठरा.” काकांनी पेटीवर झाकणाची पट्टी ठोकली. “बरं, इन्स्टाग्रामवाला काय घेतो?”

“तोही तोच. फेसबुकनेच २०१२ मध्ये इन्स्टाग्राम विकत घेतलं आणि २०१४ मध्ये व्हॉट्सॲप. थ्रेड्सही त्यांचंच.”

“म्हणजे तू चार दुकानं फिरून आलास आणि गल्ल्यावर एकच शेठ! वाशीत निदान दलाल तरी वेगवेगळे आहेत, मेल्या. एकाने भाव पाडला तर दुसऱ्याच्या गाळ्यावर जाता येतं.”

लिंक्डइनचं प्रकरण थोडक्यात आटोपलं. तिथे कंपन्यांना भेटपेट्या विकायचा बेत होता आणि त्यासाठी पुतण्याने ‘आढीने मला संयमाबद्दल काय शिकवलं’ असा मजकूर लिहिला होता. काकांनी तो शेवटपर्यंत वाचला. “आढीतल्या आंब्याचा गर कधी कधी आतून खराब निघतो, साका म्हणतात त्याला,” ते म्हणाले, “आणि तो बाहेरून दिसत नाही, हेही त्यांना कळव.”

मग आली इन्फ्लुएन्सर. ती पुण्याची. एका रीलच्या बदल्यात चार पेट्या मागत होती, पोचत्या करून. शिवाय जाहिरात क्षेत्राच्या मानक परिषदेने २०२१ मध्ये नियम घालून दिलेत, त्यानुसार रीलवर ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहावं लागणार होतं.

“चार पेट्या घेणार, आणि वर लिहिणार की हे मनापासून नाही?”

“तिची रीच सव्वा लाख आहे, काका.”

“रीच असेल. पोच नाही.”

इथे काकू चहा घेऊन आल्या आणि त्यांनी २०२० चा विषय काढला. पुतण्याला तेच हवं होतं. मार्चअखेर टाळेबंदी लागलेली, झाडावर फळ तयार आणि वाशीचा बाजार आज चालू तर उद्या बंद. “तेव्हा आंबा कुणी विकला? व्हॉट्सॲपने!”

“मुलुंडच्या बाईंनी,” काका म्हणाले. “त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, मी यांच्याकडून पंधरा वर्षं आंबा घेते. टेम्पो भरून गेला.”

“लिहिलं कशावर पण?”

“आणि घेतला कुणाच्या शब्दावर?”

दोघांचंही खरं होतं. त्या वर्षी कोकणातल्या कितीतरी बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत थेट पेट्या उतरवल्या आणि दलालाशिवाय पैसे हातात येतात हे प्रथमच पाहिलं. मात्र पुतण्याने बाईंचा संदेश कधी वाचलेला नाही. त्याच्या लक्षात राहिला तो फक्त फोन. त्याच वर्षी २९ जूनला सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी घातली आणि त्याने टिकटॉकवर जमवलेली नऊ हजार माणसं रातोरात नाहीशी झाली. “थ्रिप्सची कीडसुद्धा मोहोर इतका झटपट नेत नाही,” असं काका तेव्हा म्हणाले होते. आताही म्हणाले.

“म्हणून तर सात खाती,” पुतण्या म्हणाला. “तुमच्यासारखी एक वही धरून बसत नाही मी.”

वहीचं नाव निघायला नको होतं. त्या वहीत गिऱ्हाइकांचे पत्ते आहेत आणि काका दर फाल्गुनात त्या पत्त्यांवर पोस्टकार्डं टाकतात. पन्नास पैशांचं कार्ड, बूस्ट नाही, जीएसटी नाही. “पूर्वी पैशांचं पाकीट रजिस्टरने यायचं. पोचपावतीवर सही करायचो मी. ती खरी पोच.”

“रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, काका. आणि वहीत एकशे नव्वद नावं आहेत. त्यातल्या किती जणांना आता गोड चालतं?”

काका हसले. पुतण्या थांबला असता तर बरं झालं असतं.

“गेल्या वर्षी अठरा नावं खोडलीत तुम्ही. काकू सांगत होती. त्यांची मुलं बाणेरला, नाहीतर न्यू जर्सीला. त्यांना पोस्टकार्ड कुठे टाकणार?”

“सोळा,” काका म्हणाले. “सोळा गेले. दोघे आहेत अजून. ते दुसरीकडून घेतात.”

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग पुतण्याचाच आवाज चढला. “आणि ते दुसरीकडे म्हणजे कुठे? रीलमध्ये समुद्र देवगडचा आणि पेटीत आंबा कर्नाटकचा. २०१८ मध्ये हापूसला जीआय मानांकन मिळालं. आता देवगडच्या संस्थेने फळाफळावर नंबराचा स्टिकर आणला. तो बघून घ्या, हे मुंबईच्या माणसाला सांगणार कोण? तुम्ही? पडवीतून?”

“मग तू सांग ना!” काकांनी हातोडी खाली आपटली. “स्टिकर दाखव, देठ दाखव, साका निघाला तर पैसे परत म्हणून सांग! तू काय दाखवलंस? चाळीस हजारांनी काल काय बघितलं?”

पुतण्या गप्प.

“सांग की.”

“वानर,” पुतण्या म्हणाला. “कौलावर बसून आंबा खाणारं.”

“माझा आंबा!”

“खाली पाचशे कमेंट आहेत, काका.”

“भाव विचारलाय कुणी?”

“वानराचं नाव विचारलंय.”

इतक्यात फोन वाजला. कुणीतरी लिहिलं होतं, ‘प्राइस प्लीज.’ पुतण्याने पाच डझनांचा भाव कळवला. काका चष्मा लावून मागे येऊन उभे राहिले. दोन रेघा उमटल्या, निळ्या झाल्या.

“हे काय?”

“त्याने वाचलं.”

“म्हणजे पोच आली?”

“आली. उत्तर नाही आलं.”

पाच मिनिटं झाली, दहा झाली. काकूंनी कपबशा उचलल्या. कौलावर धप्पकन काहीतरी पडलं, मग आणखी एक. काका फटाक्यांची माळ शोधायला धावले आणि पुतण्या मागून ओरडला, “थांबा, काका, दोन मिनिटं! फोन चार्जिंगला लावायचाय!”