तब्येतीपुरती

स्कॉटलंडला नोकरीला असलेला भाचा बाटली घेऊन आला तो नेमका हुरड्याच्या दिवसांत. जिंतूरहून येलदरीकडे जाताना आमचं शेत लागतं. आखाड्यावर आगटी पेटलेली, सालगडी तात्या कणसं भाजून हातावर चोळतायत, आणि भाचा बजावतोय, "मामा, पाणी दोनच थेंब. सोड्याचं नाव काढू नका. आधी वास घ्या."

वास घेतला. सरकारी दवाखान्यातली ड्रेसिंगची खोली!

ही व्हिस्की जिथली, त्या बेटाचं नाव आयला. पहिला घोट उतरला तसं तेच तोंडून निघालं. मामांचा भूगोल पक्का, असं वाटून भाचा खूश.

त्या बेटावर झाडं बेताची. म्हणून दलदलीत हजारो वर्षं कुजत पडलेलं शेवाळ-गवत, म्हणजे पीट, कापून, वाळवून जाळतात. मोड आलेली बार्ली त्या धुरावर सुकवली की धुरातली फिनॉलं दाण्याला चिकटतात ती पिंपात दहा वर्षं काढूनही सुटत नाहीत. साधं फिनॉल म्हणजेच कार्बोलिक ॲसिड. १८६५ साली लिस्टर डॉक्टरांनी जखमेवर ते वापरलं, तेही स्कॉटलंडातच, ग्लासगोला. म्हणजे माझं नाक शाबूत होतं.

"किती साल ठिवली म्हनले?" तात्यांनी विचारलं.

"दहा."

"मंग नासंलच की!"

अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, तेव्हा या बेटावरची लॅफ्रॉइग औषध म्हणून खपायची, असं सांगतात. चैन म्हणून हे कोण पिणार, असंच अंमलदाराला वाटलं असणार. हसायचं कारण नाही. आपल्याकडे १९४९चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे आणि पिण्याचा परवाना मिळतो तो आरोग्य राखण्यासाठी. बारमध्ये बसलेला महाराष्ट्र कागदोपत्री तब्येत सांभाळत असतो! बाकीच्या व्हिस्क्या मध, मनुका, व्हॅनिला असले लाड करून या कायद्याच्या डोळ्यांत धूळ फेकतात. ही एकटी त्याला जागते.

दुसऱ्या घोटाला दवाखाना जरा मागे सरला. गरम हुरड्याचा बोकणा मारून घेतलेल्या तिसऱ्याला तर ती चक्क माणसात आली. तात्यांनीही तोंड वाकडं करत घोटभर घेतली होती. त्यांनी ग्लास पुढे केला.

"खोकला हाय तसाच हाय, मालक. आनिक एक डोस घालून बघा."

भाचा थेंब मोजायला लागला, तसा त्यांनी ग्लासावर तळहात धरला.

"औषदात पानी घालत नसत्यात, बाबा."