तोफखान्यात अठरा-पंचावन्न

पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर गेलं की भिगवणपाशी उजनी धरणाचं पसरलेलं पाणी लागतं. थंडीत तिथे रोहित पक्षी उतरतात आणि त्यांच्यामागोमाग लेन्सवाले. मला नवी लेन्स घ्यायची होती. खिशात दहा हजार होते, सल्ले लाखभर रुपयांचे मिळाले होते. म्हटलं, आधी पक्षी बघू, मग लेन्स.

कुंभारगावच्या काठावर पहाटे माझ्या होडीत आणखी दोन गृहस्थ आले. दोघेही नखशिखांत झाडीच्या रंगाचे. पाण्यावर झाडी औषधालाही नव्हती, पण असो. एकाकडे ६०० मिलिमीटरची प्राइम, म्हणजे या मंडळींच्या भाषेत तोफ. नवी घ्यायची तर दहा लाखांच्या वर. दुसऱ्याकडे १५०-६०० झूम, वजनाला दोन किलो. मी कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ बाहेर काढली. आहेराचं पाकीट रिकामं निघालं की घरचे जसे एकमेकांकडे बघतात, तसे ते दोघे एकमेकांकडे बघू लागले.

“कितीची हाय?” नावाड्याने विचारलं.

“पंचावन्न.”

“मग म्होरं बसा.”

मोटर बंद करून त्याने बांबूवर होडी ढकलत नेली. समोर उथळ पाण्यात माना उलट्या घालून शेकडो रोहित पक्षी चरत होते. मागून तोफेचा धडधडाट सुरू झाला. माझ्या पडद्यावर गुलाबी ठिपके उमटले.

नातेवाइकांचं एकमत होतं : पन्नासची १.८ घे, स्वस्तात मस्त. खरंय. माझ्या लेन्सच्या एफ ५.६च्या मानाने ती जवळपास दहापट उजेड आत घेते. ट्यूबलाइटखाली पोराचा वाढदिवस टिपायला तिच्यासारखी दुसरी नाही. पण इथे तिने काय केलं असतं? ठिपकेच दिले असते, जरा उजळ.

“तुमचा क्याननचा बारका कॅमेरा न्हवं का?” नावाडी म्हणाला. “५५-२५० घ्या, जुनी. बारक्या सेन्सरवर चारशेवानी दिसती. पन शटर हजाराखाली नेऊ नका. त्यो स्टॅबिलायझर तुमचा हात धरतो, पाखराचं पंख न्हाई.”

इतकं सुबोध व्याख्यान मी एकाही दुकानात ऐकलं नव्हतं. हा माणूस मूळचा मासेमार, पण वर्षानुवर्षं होडीत बसलेल्या लेन्सा बघून त्याचा अभ्यास पक्का झाला होता.

मग त्याने शेव काढून पाण्यावर उधळली. पाखरांना फरसाण घालू नये हे मलाही पटतं. पण मी तोंड उघडेपर्यंत कुरव पक्ष्यांचा थवा डोक्यावर आला होता. एक तर होडीच्या काठावरच बसला, हातभर अंतरावर. तोफवाल्यांची तारांबळ उडाली. त्या लेन्सला फोकस करायला चार मीटरहून जास्त अंतर लागतं! साहेब मागे सरकले, आणखी सरकले. होडी तिथेच संपली. माझी १८-५५ मात्र वीतभरावरूनही फोकस करते. मी कुरवाचा डोळा टिपला. चोचीत शेव.

काठावर चिलापीचं कालवण आणि भाकरी आली तेव्हा तोफवाले साहेब माझ्या शेजारी येऊन बसले.

“तो क्लोजअप व्हॉट्सअॅपवर पाठवता का जरा?”

पाठवला. साहेब खुलले. “माझी जुनी ५५-२५० आहे. तोफ आल्यापासून पडूनच आहे. सात हजारांत देतो. अगदी नव्यासारखी! चार पावसाळे कपाटातून काढलेली नाही.”

मी पाकिटाला हात घातला, तेवढ्यात मागून नावाडी गरजला, “चार पावसाळं? कपाटात? आधी टॉर्च मारून आतली बुरशी बघा, मग पैसं काढा!”

साहेबांनी कालवणात लक्ष घातलं.

“आन् काढलंच हायेत,” नावाडी पुढे म्हणाला, “तर शेवंचं पन्नास द्या.”