ऑब्जेक्ट पाळावा कसा, सोडावा कधी: नवशिक्यांसाठी सहा पायऱ्या

साहित्य: मॅक, एक्सकोड, थोडा आत्मविश्वास. तो पुढे लागणार नाही.

१. मोजायला शिका. प्रत्येक ऑब्जेक्टला एक आकडा असतो. कुणी धरला की एकाने वाढतो, सोडला की एकाने कमी होतो. शून्य झाला की ऑब्जेक्ट जागच्या जागी संपतो. जॉर्ज कॉलिन्स यांनी ही युक्ती १९६० साली मांडली. एवढं समजलं की आपल्याला सगळं समजलं, असं खुशाल समजा. सगळेच समजतात.

२. जुन्या लोकांचा आदर करा. ऑब्जेक्टिव्ह-सी लिहिणारे हा हिशेब हाताने ठेवत. अलॉक, न्यू, कॉपी किंवा रिटेन करून मिळवलेलं ते आपलं. त्याचा रिलीजही आपणच करायचा. एक रिलीज राहिला तर मेमरी गळते. एक जास्त झाला तर ॲप कोसळतं, तेही लगेच नाही, साहेबांना डेमो दाखवताना.

३. शंका आली की रिटेन काउंट छापा. पडद्यावर ४ येईल. त्यातले तीन कोणाचे, हे तो सांगणार नाही. स्थिर स्ट्रिंगला विचारलंत तर भलामोठा आकडा येईल. ही मेथड वापरू नका, असं ॲपलच्या कागदपत्रांतच लिहिलेलं आहे. म्हणजे नवशिक्याने ती एकदा वापरून पाहणं आलंच.

४. एआरसी, म्हणजे ऑटोमॅटिक रेफरन्स काउंटिंग आलं, आता निवांत झोपा. २०११ पासून रिटेन आणि रिलीज कंपाइलरच घालतो. स्विफ्ट तर २०१४ साली जन्मली तीच ही सोय घेऊन. मात्र दोन ऑब्जेक्टनी एकमेकांना धरून ठेवलं, तर बाकी सगळ्यांनी सोडलं तरी दोघांचाही आकडा शून्यावर येत नाही. दोन भावांनी एकमेकांची नावं सातबाऱ्यावर चढवावीत आणि दोघांनीही गाव सोडावं, तसं. जमीन अडकलेली, कसणारा कोणी नाही.

५. ही मिठी सोडवायला वीक, म्हणजे आकडा न वाढवणारा दुवा वापरा, पण विचार करून. वरच्याने खालच्याला घट्ट धरावं, खालच्याने वरच्याकडे वीक नजरेने पाहावं. डेलिगेट म्हणूनच वीक असतो. ऑब्जेक्ट गेला की वीकचं निल होतं. अनओन्ड म्हणजे ‘तो असणारच’ अशी शपथ; खोटी ठरली की ॲप कोसळतं. हे कळल्यावर नवशिक्या उत्साहाने सगळंच वीक करतो. मग ऑब्जेक्ट तयार होताच मरतो, कारण त्याला धरणारा कोणी उरलेलाच नसतो.

६. टायमर डीइनिटमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट मरताना चालणाऱ्या कोडमध्ये बंद करा. हा सल्ला ऐकायला फार शिस्तीचा वाटतो. पण टार्गेट देऊन सुरू केलेला, पुन्हा पुन्हा वाजणारा टायमर त्या टार्गेटला घट्ट धरतो, आणि टायमरला रनलूप धरतो. टायमर थांबल्याशिवाय ऑब्जेक्ट मरत नाही, ऑब्जेक्ट मेल्याशिवाय डीइनिट येत नाही आणि डीइनिट आल्याशिवाय टायमर थांबत नाही. तेव्हा स्क्रीन नजरेआड होतानाच तो बंद करा.

परीक्षा. डीइनिटमध्ये एक प्रिंट टाका. स्क्रीन उघडा, मिटा. ओळ छापली गेली तर पास. नाही छापली गेली तर कोण कोणाला धरून आहे, याचे बाण कागदावर काढा. बाण फिरून निघाल्या जागी आले की त्यांतला एक वीक करा. कोणता, हे कंपाइलरला विचारू नका. त्याला फक्त मोजता येतं.