कढीपत्ता की शिडी?

सिडनीत घरामागे तलाव खणणं एकवेळ सोपं. त्याच्या कुंपणाचं माप घेताना मात्र भलेभले टेकीला येतात. उंची किमान 120 सेंटीमीटर हवी. मालक आपल्या सोयीने आतून मोजतो, 124 भरले म्हणून खूश होतो. तपासनीस बाहेरून टेप लावतो. तिथे हौसेने केलेल्या वाफ्याची माती वर आलेली, भरतात 115. मूल बाहेरून येणार, तलावातून नव्हे, एवढं साधं गणित.

मग कुंडी. कुंपणाच्या बाहेरच्या अंगाला 90 सेंटीमीटरच्या टापूत पाय टेकवता येईल असं काही चालत नाही. मराठी मालकाला तिथे जिवापाड जपलेला कढीपत्ता दिसतो, कायद्याला शिडी. हा कायदा तीन वर्षांच्या पोराच्या डोक्याने विचार करतो. मोठ्यांना तो बालिश वाटतो तो त्यामुळेच. सळ्यांमधली फट 10 सेंटीमीटरच्या वर नको. फाटक तलावापासून बाहेरच्या बाजूलाच उघडलं पाहिजे आणि कितीही उघडून सोडलं तरी आपोआप मिटून कडी लागली पाहिजे. ते मोजायला टेप लागत नाही. फक्त बार्बेक्यूच्या दिवशी फाटकाला लावलेली वीट काढावी लागते.

फुगवायच्या तलावालाही सूट नाही. पाणी 30 सेंटीमीटरहून खोल भरता येत असेल, तर कुंपण आलंच.

आपल्याकडे लोणावळा-कर्जतच्या बऱ्याच भाड्याच्या बंगल्यांना ही कटकट नाही. तिथे पाटी असते: ‘मुलांची जबाबदारी पालकांची’. तीही ठळक अक्षरांत, म्हणजे तीन वर्षांच्या मुलाला वाचायला त्रास नको.