बहिःस्थ परीक्षक

कागदोपत्री तालुका केळापूर आणि कचेऱ्या मात्र पांढरकवड्यास, अशी आमच्याकडची जुनी वहिवाट असल्यामुळे नियुक्तीचा हुकूम खिशात घालून यवतमाळच्या एस.टी.ने येणारे बहिःस्थ परीक्षक ‘नेमके उतरायचे कोठे?’ असे कंडक्टरला विचारतात आणि तो तोंड उघडतो न उघडतो तोच त्याला थांबवून उत्तर स्वतःच देतात. पूर्वी हा हुकूम नागपूरहून सुटे, १९८३ पासून अमरावतीहून सुटतो. हुकूमबरदाराच्या स्वभावात त्यामुळे काडीचाही फेरफार झालेला नाही.

स्वतःच्या विभागप्रमुखापुढे या गृहस्थांस एकही वाक्य पुरते करता येत नाही, अशी वदंता आहे. तेव्हा वर्षभर तुंबलेली ती सारी वाक्ये वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मोकळी व्हावीत, हे ओघानेच आले.

‘कापसाचा तंतू म्हणजे काय?’ जिच्या घरी दिवाळीपासून वेचणीची धांदल असते, तिलाच हा प्रश्न.

‘सर, सरकीच्या सालीवरचे केस...’

‘सरकी नव्हे, बीज!’

‘बीजाच्या सालीवरचे...’

‘साल नव्हे, बीजावरण! कोणता थर?’

‘बाहेरचा. त्यातली एकेक पेशी लांब...’

‘थांब, थांब!’ आणि मुलीने तीन हप्त्यांत चुकते केलेले उत्तर महोदय एकरकमी, सव्याज, स्वतःच्या नावे जमा करतात. शेजारी अंतर्गत परीक्षक संत्रे सोलीत मान डोलावतात. कारण पुढल्या पंधरवड्यात त्याच महोदयांच्या महाविद्यालयात बहिःस्थ म्हणून रुजू व्हायचे असते ते त्यांनाच.

जनकाच्या सभेत याज्ञवल्क्याने गार्गीला, अतिप्रश्न केल्यास मस्तक गळून पडेल, अशी ताकीद दिली होती. तेथे निदान उत्तर देणाऱ्यास प्रश्नकर्त्याला थांबविण्याची मुभा होती, आणि गप्प बसलेली गार्गीही पुढे उठून आणखी दोन प्रश्न विचारून गेली. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षापर्यंत ही मुभा पोचलेली नाही. लेखी परीक्षेत पूर्णविराम विद्यार्थ्याच्या हाती असतो, तोंडी परीक्षेत तो परीक्षकाच्या. आणि सत्ता, पाहू जाता, या टिंबाएवढ्या जागेतच मावते.

म्हणून वरच्या वर्गातल्या मुली दाराशीच कानमंत्र देतात : ‘सर थांबवतीन तिथं थांबजो बाई, उत्तर ते सोताच देतेत.’

तो मंत्र पाळणारीस वीसपैकी अठरा गुण पडतात. उरलेले दोन कोणाचे कापले, याचा उलगडा मोहोरबंद लिफाफ्यातही होत नाही. कारण उत्तरे सारी महोदयांचीच होती.