चार स्वातंत्र्यं आणि एक म्हैस

थोरले आजोबा दुसऱ्या महायुद्धात होते, एवढंच आमच्या घराला ठाऊक होतं. कुठे होते, याबद्दल भाऊबंदांत एकमत नव्हतं. कुणी त्यांना बसऱ्यात ठेवलं होतं, कुणी ब्रह्मदेशात. एका काकांनी तर त्यांना थेट बर्लिनपर्यंत पोचवलं होतं. ते स्वतः हयात असताना कुणी विचारलं की म्हणत, "लांब होतो." त्यामुळे ट्रंकेत जुन्या खतांच्या गठ्ठ्याखाली त्यांचं चामडी पाकीट मिळालं, तेव्हा घरात बऱ्याच वर्षांनी एखादा साक्षीदार आल्यासारखं झालं.

साक्षीदाराची पहिली तपासणी केली कोल्हापूरच्या एका चपला करणाऱ्या कारागिराने. त्याने पाकीट उघडलंच नाही. नाकाला लावलं, नखाने कड खरवडली, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "बाभळीच्या सालीतलं न्हाई हे. शिवण बी मशीनची." म्हणजे आपल्याकडचं नव्हे. मग कुठलं, ते चोरकप्प्यात निघालं: पत्त्याच्या पानाएवढी, जवळजवळ चौकोनी अशी एक लिऱ्याची नोट. 1943 साली इटलीत उतरताना दोस्त फौजांनी आपल्याबरोबर नेलेलं हे चलन. पुढे 'इश्यूड इन इटली' आणि मागे इंग्रजीत चार स्वातंत्र्यं: भाषणाचं, धर्माचं, अभावापासूनचं, भयापासूनचं. मी ती नोट बराच वेळ हातात धरून बसलो. त्याच वर्षांत आमच्या सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं, आणि तिकडे इटलीत एक सातारकर शिपाई, ज्याच्या देशाला यातलं एकही धड मिळालं नव्हतं, चारही स्वातंत्र्यं घडी घालून खिशात वागवत होता. चारही मिळून किंमत एक लिरा!

नोटेमागे पत्र होतं, मोडीतलं. मोडी वाचणारी माणसं हल्ली कुणबी नोंदी शोधण्यात बुडालेली असतात. आम्हांला मिळालेल्या गुरुजींना प्रत्येक ओळीत आधी जात दिसे, मग सर्व्हे नंबर. त्यांना सावकाश आजोबांकडे वळवावं लागलं. मोडीची अक्षरं गर्दीत चुकू नयेत म्हणून एकमेकांचे हात धरून निघालेल्या वारकऱ्यांसारखी चालतात. एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे लागला, ते त्यांचं त्यांनाच माहीत. ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा तर मुळातच नाही. गुरुजी भिंग धरून थबकत, ओठांतल्या ओठांत चार वेळा पुटपुटत, आणि आम्ही सगळे श्वास रोखून. कारण प्रत्येकाच्या मनात यशवंत घाडगे होते. 10 जुलै 1944 ला टायबरच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेलेले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले मराठा पलटणीचे नाईक. माणगावात त्यांचा पुतळा आहे, इटलीतल्या माँटोने गावात त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ. निदान एखादी तोफ आमच्याही वाट्याला यावी, एवढीच अपेक्षा होती.

निघाली ती म्हैस. तीर्थरूपांना साष्टांग नमस्कार घालून आजोबांनी पहिल्याच ओळीत कळवलं होतं, की काही झालं तरी म्हैस विकू नये. पावसाआधी वरच्या ताली धरून घ्याव्यात, धाकट्याला शाळेतून काढू नये, मनीऑर्डर पोचल्याचं कळवावं. युद्धाबद्दल एकच वाक्य: इकडे थंडी फार आहे आणि चिखल आपल्यापेक्षा काळा. 'मुक्काम' लिहून पुढची जागा कोरी. ठिकाण लिहायला बंदीच होती. सगळा युरोप पेटलेला असताना हा माणूस खंदकात बसून बांधावरची कामं सांगत होता. काका जरा हिरमुसले. मला मात्र या पत्रातला शिपाई पुतळ्यातल्यापेक्षा जवळचा वाटला.

गुरुजींनी पत्र उलटसुलट करून पाहिलं. त्यावर ना टपालाचा शिक्का, ना सेन्सॉरचा. सोबत लिफाफाही नाही. म्हणजे ते टाकलंच गेलं नव्हतं. पलटणीचा तळ हलला असेल, नाहीतर उद्या टाकू म्हणून राहिलं असेल. सांगायच्या सगळ्या गोष्टी खिशात घेऊन शेवटी माणूसच घरी आला.

हे ऐकून कोपऱ्यात लसूण सोलत बसलेली मोठी आत्या म्हणाली, "म्हैस तर कवाच इकली हुती. त्येच्या बहिणीच्या लग्नात." मग जरा थांबून, "तरीच! आल्या दिवशी आधी गोठ्यात गेला, आन् मग कुनाशी बोललाच न्हाई. आम्ही म्हनायचो, लढाईनं असं झालं."